कड्यावरचे बिऱ्हाड

दरवर्षी डिसेंबरच्या दहा तारखेला मी कोयनानगरला जातो. कऱ्हाडला गाडी बदलायची, पाटणला चहा घ्यायचा आणि दिवेलागणीच्या सुमाराला काखेत पिशवी मारून घराची वाट धरायची, हा क्रम वर्षानुवर्षे चालला आहे. अकरा तारीख ही आमच्या घरात आईची तारीख. तिथीचे श्राद्ध वेगळे. पण भूकंपाने ज्यांची माणसे नेली, त्यांना तिथी फारशी आठवत नाही. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे, एवढेच डोक्यात घट्ट बसलेले असते.

घरी मावशी असते. मावशी म्हणजे माझी सावत्र आई. तिचे वय आता पंच्याऐंशी. अण्णा गेल्यावर आम्ही तिला पुण्याला चल म्हणून पुष्कळ विनवले, पण ती हलली नाही. "तिथं कुणाच्या गॅलरीत बसू?" असे विचारून तिने तो विषय कायमचा मिटवला.

मी निवृत्त झालो तेव्हा मुलीने मला एक दुर्बीण भेट दिली. निवृत्त माणसाने काहीतरी करीत राहावे, निदान घरात मधेमधे येऊ नये, अशी घरातल्यांची फार इच्छा असते. त्या वर्षी मी ती सहज बरोबर नेली. आमच्या परड्यामागचा चढ संपतो तिथे एक काळा, उघडा कडा आहे. (असे कडे त्या भागात पुष्कळ आहेत. नेमका कोणता ते सांगणार नाही, कारण अंड्यापिलांवर डोळा ठेवणारी माणसे अजून जगात आहेत.) कड्याच्या टोकावर एक पक्षी बसला होता. मावशी म्हणाली, "घार असेल." दुर्बीण लावून पाहतो तो डोक्यावर काळे टोपडे, गालांवर काळ्या मिशा आणि पोटाला विटकरी झाक. घार नव्हती ती. शाहीन ससाणा होता.

बहिरी ससाणा म्हणून जी जात जगभर पसरली आहे, तिच्यातलाच हा आपला देशी भाऊबंद. थोरला बहिरी थंडीत उत्तरेकडून पाहुणा म्हणून येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला निघून जातो. शाहीन मात्र बारा महिने इथला. झेपावताना हा पक्षी ताशी तीनशे किलोमीटरांचा वेग गाठतो, हे हल्ली शाळेतली पोरेही सांगतात. मला त्या वेगाचे फारसे अप्रूप वाटले नाही. मी रमलो तो त्यांच्या संसारात.

डिसेंबर हा त्यांच्या प्रियाराधनाचा आरंभकाळ. मी पाहत होतो तेवढ्यात दुसरा एक पक्षी, आकाराने जरा लहान, दरीतून वर आला. त्याच्या पायांत पोपटासारखे काहीतरी हिरवे लोंबत होते. कड्यावरची मोठी झेपावली, त्याच्या खाली गेली आणि उडता उडता पालथीची उताणी झाली. क्षणभर तिचे पाय आभाळाकडे. त्या क्षणात त्याने भक्ष्य सोडले, तिने झेलले आणि सरळ होऊन ती कड्यावर परतलीसुद्धा. सगळा मामला डोळ्याची पापणी लवायच्या आत आटोपला. आमच्यात वाङ्निश्चयाला नारळ देतात; त्याच चालीचा हा प्रकार, फक्त अधिक धोक्याचा.

यांच्यात मोठी असते ती मादी. नर तिच्यापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने लहान. जुन्या बाजदारांच्या बोलीत मादी ती 'बहिरी' आणि नर तो नुसता 'बहिरी बच्चा'. हा बच्चा आधी कड्याच्या कपारीवर उतरतो, मान खाली घालून वाकतो, बारीक आवाज काढतो. तीही येऊन समोर वाकते. घरटे बांधण्याची दगदग नाही. एक काडी आणायची नाही. कपारीतल्या मातीत छातीने आणि पायांनी उथळ खळगा उकरायचा, त्यात तांबूस ठिपक्यांची तीन-चार अंडी. मग महिनाभर ऊब. ऊब देण्याचे काम बहुतेक तिचे, शिकारीचे त्याचे. ती जेवायला उठली की तेवढा वेळ तोही अंड्यांवर बसतो. पिलांना उडायला पुढे सहा आठवडे लागतात. तोवर त्या दोघांना उसंत नसते.

आणि कडा तोच. वर्षामागून वर्षे तीच जोडी त्याच कड्यावर दिसते. ती गेली तर दुसरी येते, पण कड्याचे बिऱ्हाड मोडत नाही. इंग्लंडात असे काही कडे शतकानुशतके नांदते आहेत. ही जोडी खरी बांधलेली असते ती एकमेकांशी की कड्याशी, असा प्रश्न पक्षिशास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. मावशीच्या गॅलरीची आठवण मला तिथे झाली.

शाहीन जन्मभर एकच जोडीदार धरतो, असे कुठेतरी वाचून पहिल्या वर्षी मी फार भारावलो होतो. आपल्या कवींनी चक्रवाक घेतला, सारस घेतला, क्रौंच तर रामायणाच्या दारातच उभा आहे. ससाण्याने कोणाचे काय बिघडवले होते, असे मला वाटे. पुढे अधिक वाचले तेव्हा कळले, की जोडीतला एक जिवंत आहे तोवरच ही गोष्ट खरी. एक मेला तर उरलेला दुसरा जोडीदार करतो. कधीकधी त्याच हंगामात करतो. आसपास बिनजोडीचे पक्षी फिरतच असतात. पारध्याच्या बाणाने नर पडला, क्रौंची आकांत करीत राहिली आणि वाल्मीकींच्या तोंडून श्लोक निघाला. त्या क्रौंचीने पुढच्या हंगामात काय केले, हे मात्र कोणी लिहिले नाही.

मला हे वाचून चांगलेच वाईट वाटले. त्याचे कारण ससाण्यांत नव्हते.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि बेबी आठ महिन्यांची. धरणाच्या कामावरच्या वसाहतीत आमचे घर होते. भिंत आईच्या बाजूने पडली. पाळण्यावर एक वासा तिरका अडकला, म्हणून बेबी वाचली. त्या पहाटे त्या मुलखात सुमारे १८० माणसे गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले. ती पुढे काँक्रीटचा आधार देऊन भक्कम केली. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. बेबी शेजारणींच्या हातांतून फिरे, बाटलीचे दूध तिला पचत नसे. फाल्गुनात अण्णांनी लग्न केले. तीन महिन्यांत. वर्षश्राद्धही झाले नव्हते. त्या दिवसापासून मी अण्णांशी कामापुरते बोललो आणि नव्या बाईला मावशी म्हणालो. पुढे शिक्षणाला साताऱ्यास गेलो, तो मोकळा झाल्यासारखा गेलो. अण्णांना मी काही विचारले नाही. त्यांनीही काही सांगितले नाही.

योगायोग असा, की त्याच १९६७ साली रॅटक्लिफ या इंग्रज शास्त्रज्ञाने संग्रहांतली जुनी-नवी अंडी ताडून दाखवून दिले, की बहिरीच्या अंड्यांची कवचे पातळ होत चालली आहेत. शेतातली विषारी औषधे भक्ष्यातून पोटात जात. माद्या ऊब द्यायला बसत आणि त्यांच्याच वजनाने अंडी फुटत. युरोप-अमेरिकेत ही जात नाहीशी व्हायची वेळ आली होती. अमेरिकेने १९७२ साली डी. डी. टी.वर बंदी घातली, माणसांनी पिले वाढवून रानात सोडली, तेव्हा ती सावरली. आता तिथे शहरांतल्या मनोऱ्यांवरसुद्धा त्यांची बिऱ्हाडे आहेत.

बेबीची मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिनेच मला बर्कलीच्या विद्यापीठातल्या घंटाघरावरची जोडी फोनवर दाखवली. ॲनी आणि ग्रिनेल, पाच-एक वर्षांचा संसार. २०२२ सालच्या मार्चच्या अखेरीस ग्रिनेल रस्त्यात मरून पडलेला सापडला. वर कपारीत अंडी होती. शिकार आणणारा कोणी नसेल तर एकट्या मादीला अंडी सोडून उठावे लागते, आणि उठली की ती थंड होतात. सगळे लोक हळहळत असताना काही तासांतच एक नवा नर मनोऱ्यावर येऊन दाखल झाला. लोकांनी त्याचे नाव ॲल्डेन ठेवले. तो ॲनीपुढे वाकला, आणि मग दुसऱ्याच्या अंड्यांवर बसला.

त्या डिसेंबरात मी ही गोष्ट मावशीला सांगितली. ती अंगणात पावटे सोलत बसली होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "तो दुसरा आला तेव्हा अंडी ऊन होती का रे?"

"असणार. पिलं निघाली ना."

ती थोडा वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, "बेबी गार होती."

मी काही बोललो नाही.

"तुझ्या अण्णांनी माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा. फाल्गुनातलं ऊन होतं, पत्रा तापलेला, आणि पोर हातापायांनी गार. मी घाबरले. लग्नाचं लुगडंही बदललं नव्हतं, तशीच तिला पोटाशी धरून बसले रात्रभर. तू दाराशी उभा होतास. तुलाही जवळ घ्यावं असं फार मनात होतं, पण तू माझ्याकडे बघतच नव्हतास."

टोपलीतले पावटे संपले होते. ती सालांतून उगाच बोटे फिरवीत होती. मी टोपली बाजूला घेतली.

तेवढ्यात कड्याकडून कर्कश आवाज आला. "बघू," म्हणून तिने हात पुढे केला. तिचे हात थरथरतात, म्हणून दुर्बीण मीच तिच्या डोळ्यांशी धरली.

"एकच दिसतोय," ती म्हणाली. "दुसरा कुठं गेला?"

"शिकारीला गेला असेल. येईल आता."

मी तशीच दुर्बीण धरून तिच्या पाठीशी उभा राहिलो. दरीत अंधार भरत आला होता. कड्याच्या माथ्यावर मात्र अजून ऊन होते.