बहरीनमधला मराठी किराणा

बहरीनमधल्या मराठी घराचे किराण्याचे बिल तीन गोष्टींवर ठरते. माल कुठून आला, त्यावर कर किती बसला, आणि दुकानाच्या फळीवर येईपर्यंत तो किती हातांनी निवडला, चिरला, शिजवला, पाकिटात भरला. पहिल्या दोन गोष्टी घराच्या हातात फारशा नसतात. तिसरी पुष्कळशी असते, आणि काटकसरीला खरा वाव तिथेच आहे.

सुमारे ७८० चौरस किलोमीटरचे हे बेटराष्ट्र आपले बहुतेक अन्न बाहेरून आणते. त्यामुळे दूरच्या सरकारांचे निर्णय इथल्या स्वयंपाकघरात पोचतात. भारताने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा नाशिकच्या कांद्यावर वाढलेल्या घरांना त्याची झळ लागली. मार्च २०२४ मध्ये बहरीनसाठी ३,००० टनांची खास परवानगी निघाली, एप्रिलमध्ये सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टन कांदा जाहीर झाला, त्यातही बहरीन होता, आणि मेमध्ये बंदी उठली. बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची बंदी त्याहून लांबली, जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२४. एकाच देशाच्या, एकाच जातीच्या मालावर अडून बसणारे घर अशा वेळी सर्वांत जास्त पैसे मोजते. ज्या घरात पाकिस्तानी किंवा थाई तांदळाचा भात नाक न मुरडता खाल्ला जातो, त्याला अशी बंदी फारशी जाणवत नाही. कांद्याचेही तसेच. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांनी हिंग, जिरे, ओले खोबरे आणि आमसूल यांवर उभा केलेला स्वयंपाक आयता हाताशी आहे. कांदा महागला की तो चातुर्मासाबाहेरही चालतो.

चलनाचा खेळ वेगळा. बहरीनमध्ये १९६५ पर्यंत रुपया चालत असे. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या आणि दिनार आला तो दहा रुपयांना एक या दराने. आज दिनार डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ०.३७६ दिनार, म्हणजे डॉलर ८३ रुपयांना असताना एक दिनार साधारण २२० रुपयांचा. एका दिनाराचे हजार फिल्स. नव्याने आलेल्या कुटुंबाची यात दोन तऱ्हांनी फसगत होते. कोणी प्रत्येक वस्तूचे रुपये करून घाबरतो आणि पोषक तेच टाळतो. कोणाला ‘चारशे पंच्याण्णव फिल्स’ म्हणजे चिल्लर वाटते, आणि अशा दहा चिल्लर वस्तूंचे जवळजवळ पाच दिनार होतात. दोन्हींवर उपाय एकच, शंभर ग्रॅमला किती फिल्स पडले ते पाहायचे. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते हा समज त्यातून लवकर सुटतो.

कराची रचना मात्र काटकसरीच्या बाजूची आहे. मूल्यवर्धित कर १ जानेवारी २०१९ रोजी ५ टक्क्यांनी सुरू झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून १० टक्के झाला. पण ९४ मूलभूत खाद्यवस्तूंवर त्याचा दर शून्य ठेवला गेला. भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस, मासळी, तांदूळ, पाव या त्यातल्या ठळक. वेफर्स, चॉकलेटे आणि तयार जेवण यांवर कर पूर्ण लागतो. सोडायुक्त थंड पेयांवर त्याशिवाय डिसेंबर २०१७ मध्ये ५० टक्के अबकारी कर बसला, एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के. साबण-फिनाइलचा खर्च वगळला, तर पावतीच्या तळाशी छापलेला कराचा आकडा म्हणजे त्या महिन्यात घरात न शिजलेल्या अन्नाचा चांगला हिशेब असतो.

आता डाळी-कडधान्ये, कारण सर्वांत मोठी बचत इथे आहे आणि ती सर्वांत कमी केली जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये धरली आहेत. चार माणसांच्या घराला त्या मानाने महिन्याला दहा किलो लागतील. मराठी घरांत याच्या निम्मीही क्वचितच शिजतात, आणि उरलेली जागा चिकन, पनीर किंवा बाहेरचे खाणे भरून काढते. पुन्हा, कडधान्ये घ्यायची ती कोरडी. चारशे ग्रॅमच्या हरभऱ्याच्या डब्यातले पाणी काढले की सुमारे २४० ग्रॅम शिजलेले दाणे निघतात, आणि तेवढे व्हायला कोरडे हरभरे ११० ग्रॅमच्या आसपास लागतात. म्हणजे एक किलो कोरडे हरभरे हे नऊ डब्यांच्या तोडीचे आहेत. छोले, हुमूस, उसळ यांपैकी काहीही करा, एकदाच किलोभर भिजवून शिजवावे आणि वाट्या-वाट्यांनी फ्रीझरमध्ये टाकावे. घाईच्या दिवशी डब्याचा मोह मग होत नाही.

वरणाला निव्वळ तूर हवी, हा हट्ट थोडा सैल केला तरी फरक पडतो. निम्मी तूर आणि निम्मी मसूर असे वरण गूळ-आमसुलाच्या आमटीत कोणाला ओळखू येत नाही, आणि मसूर हे अरब स्वयंपाकाचेही रोजचे धान्य असल्यामुळे ते सगळीकडे आणि स्वस्त मिळते. वाटीभर बेसनात चार माणसांचे पिठले होते. त्याच्या इतके कमी खर्चाचे गरम जेवण मराठी स्वयंपाकात दुसरे नाही, मग त्याला ‘गरिबाचे’ म्हणून आठवड्याच्या बेतातून वगळणारे वगळोत. मोड आणताना इथल्या हवेचे भान ठेवावे लागते. उन्हाळ्यात वातानुकूलन बंद असलेल्या खोलीत मटकी रात्रीतून मोड धरते, तशीच आंबतेही. भिजवण सहा तासांवर नेऊ नये, पाणी एकदा बदलावे आणि मोड दिसताच फ्रिजमध्ये ठेवावे.

गव्हाच्या बाबतीत स्थानिक सोय दुर्लक्षून चालत नाही. बहरीन फ्लोअर मिल्सच्या पिठाला सरकारचे अनुदान आहे आणि गल्लोगल्लीच्या भट्टीतला तंदूरमधला खुब्ज, म्हणजे अरबी पाव, त्यामुळे फार स्वस्त राहिला आहे. रोजच्या पोळ्या घरीच परवडतात, एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या चाळीस तरी होतात. पण मिसळीला, पावभाजीला किंवा रश्श्याला पाकिटातला पाव आणण्यापेक्षा खुब्ज बरा. तो दुसऱ्या दिवशी चिवट होतो, आणि नेमका तेव्हाच तो फोडणीच्या पोळीसारखा कुस्करून उत्तम लागतो. अरबांनी शिळ्या भाकरीवर मटणाचा रस्सा ओतून सरीद केले, आपल्याकडे वरणात फळे सोडली, खटाटोप दोन्हीकडे सारखाच.

भाजीत ऋतू पाळला तर बिल हलके होते, नाही तर नाही. डिसेंबरपासून वसंतापर्यंत बहरीनच्या शेतांतला माल बाजारात असतो. बुदैया उद्यानात शनिवारी भरणारा शेतकरी बाजार २०१२ मध्ये सुरू झाला, आणि हूरत आली इथेही स्थानिक शेतमालाची मंडई आहे. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, वांगी यांचा हा काळ. पालेभाज्यांचा तर सुकाळच. शेपूची जुडी अरबांच्या भातासाठीच विकली जाते. मुळा पाल्यासकट मिळतो. ‘बर्बीर’ या नावाने विकली जाणारी रसरशीत पालेभाजी म्हणजे आपली घोळ, ताकात किंवा डाळ घालून करायची. याउलट गवार, पडवळ, शेवग्याच्या शेंगा, कोवळी कारली विमानाने येतात आणि विमानाचे भाडे आपल्या डोक्यावर बसते. महिन्यातून एकदा गवार जिभेसाठी खावी, रोजची भाजी म्हणून तिचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात स्थानिक माल संपला की दुधी, लाल भोपळा, कोबी, बटाटा आणि गोठवलेले मटार-भेंडी यांवर भागवावे.

मनामाच्या मध्यवर्ती बाजारात भाजी पेटीने घेतली तर सुपरमार्केटपेक्षा बरीच स्वस्त पडते. टोमॅटोची अख्खी पेटी एका घराला जड जाते, म्हणून एकाच इमारतीतल्या तीन-चार घरांनी ती वाटून घ्यावी. आणलेल्या भाजीतले किती पोटात जाते, हा पुढचा प्रश्न. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालीची तीळ घालून चटणी, फ्लॉवरच्या देठांची परतून भाजी, मुळ्याच्या पाल्याला पीठ पेरलेले, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, कलिंगडाच्या सालीआतला पांढरा भाग किसून थालीपिठात. हे सगळे कोणाला शिकवावे लागेल असे नाही. पण इथे कचऱ्याची पिशवी बंद दाराआड नळीतून खाली जाते, दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते फुकट गेल्यासारखे वाटत नाही.

दुधाचे गणित सोपे आहे. एक लिटर दुधाचे जवळजवळ एक किलो दही होते आणि उन्हाळ्यात ते चार-पाच तासांत लागते. विकतच्या दह्याचे डबे त्यामुळे निव्वळ सोयीची किंमत. कढीला मात्र बाजारातले लबान घ्यायला हरकत नाही, ते ताकच आहे आणि स्वस्त आहे. तूप घरी कढवावे. बिनमिठाच्या लोण्यात चरबी ८२ टक्के असते, किलोमागे आठशे ग्रॅम तूप हाती येते आणि बेरी कणकेत मळली की पोळ्या खुसखुशीत होतात.

मासळी खाणाऱ्या घरांना इथल्या मासेमारीच्या बंदीचे वेळापत्रक पाठ हवे. कोळंबी पकडायला फेब्रुवारीपासून जुलैअखेर मनाई असते, सुरमईला, म्हणजे इथल्या चनादला, १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर. त्या काळात हेच दोन प्रकार मागणारा ग्राहक परदेशी किंवा गोठवलेला माल चढ्या दराने घेतो. बांगडा, तारली हे पर्याय असतात. जिदहफ्स, मुहर्रक आणि मनामाच्या मासळी बाजारांत सकाळ उलटल्यावर भाव खाली येतो. मासा अख्खा घ्यावा, डोके आणि काटे कालवणाला. कोंबडीचेही तेच. तुकडे केलेली, हाडे काढलेली, मसाला लावलेली अशी प्रत्येक पायरी वेगळी किंमत वसूल करते, आणि हाडांचे पाणी, ज्यावर पांढरा रस्सा उभा राहतो, दुकानातच राहून जाते.

साठवणीची मराठी सवय इथे उलटी पडते. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवणे महाराष्ट्रात शहाणपणाचे होते, कारण सुगीनंतर भाव उतरत आणि पावसाळ्यात चढत. बहरीनमध्ये असा चढउतार फारसा नाही, उलट उष्णता आणि दमटपणा वर्षातले कितीतरी महिने असतात. जुलै-ऑगस्टमध्ये कुटुंब भारतात जाते, वातानुकूलन बंद होते आणि परत आल्यावर कणकेत अळ्या, रव्यात जाळ्या, तांदळात टोके. वीस किलोच्या गोणीवर वाचवलेले पैसे त्या एका सुट्टीत जातात. म्हणून साठा दीड महिन्याच्या पलीकडे नसावा, जूनमध्ये तो मुद्दाम संपवत आणावा, आणि रवा, बेसन, भाजणी आणल्या दिवशीच तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरावी. स्वस्त माल साठवायला दुसरा फ्रीझर घेण्याआधी एक हिशेब करावा. परदेशी कुटुंबांसाठी विजेचा दर २०१६ पासून टप्प्याटप्प्याने वाढत मार्च २०१९ मध्ये युनिटला २९ फिल्स झाला. रोज एक युनिट खाणारा फ्रीझर या दराने महिन्याला सुमारे ८७० फिल्स घेतो. ऑफरमध्ये घेतलेल्या चिकनने तेवढे वाचवले नाही, तर तो फ्रीझर म्हणजे काटकसरीचे सोंग आहे. पापड-कुरडयांचे वाळवण मात्र जूनच्या कोरड्या शमाल वाऱ्यात गच्चीवर एका दिवसात कडकडीत होते. धूळ फार असते, पातळ कापड ताणून बांधावे.

भारतातून येताना बॅगेचे वजन मोजके असते. तांदूळ, डाळ, पोहे आणण्यात अर्थ नाही, ते इथे मिळतात. वजनाला हलके आणि किमतीला भारी ते आणावे, म्हणजे गोडा मसाला किंवा त्याचे दगडफूल-नागकेशर, मेतकूट, आमसूल, कुळथाचे पीठ, सुका जवळा. खसखस आणू नये. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातींत तिच्यावर बंदी आहे, आणि आखातातल्या कोणत्याही विमानतळावर तिच्यापायी अडकण्याइतकी ती मोलाची नाही. अनारसे खसखशीऐवजी तिळावर थापले तरी जाळी पडते, ती पिठाच्या भिजवणीवर अवलंबून असते.

दिवाळीचा फराळ हा वर्षातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च. तयार फराळाची किंमत किलोवर असते, आणि चकली-शेव यांत वजनाचा मोठा भाग साध्या पिठाचा आणि तेलाचा असल्यामुळे घरी करण्यात बचत इथेच सर्वांत जास्त. चिवडा भाजक्या पोह्यांचा केला तर तेल फोडणीपुरतेच लागते. लाडवांत तूप आणि सुकामेवा खरा खर्च करतात, तिथे मुगाच्या पिठाचा किंवा खजुराचा लाडू बेसनाच्या शेजारी ठेवावा. बहरीनमध्ये खजूर साखरेशी स्पर्धा करू शकतो. तळणाचा क्रम पाळला की एकाच कढईतले तेल पुरते. आधी करंज्या आणि शंकरपाळे, कारण त्यांचा चुरा सुटत नाही, मग चकली, शेव सर्वांत शेवटी. उरलेले तेल गाळून काचेच्या बरणीत भरावे, पुन्हा तळणाला न घेता आठवड्याभरात फोडणीला संपवावे.