करवतकाठी महाग नाही, तिची नक्कल महाग आहे

लग्नसराई जवळ आली की आपल्या नागपुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. इतवारी असो, गांधीबाग असो नाहीतर सीताबर्डी. "अहो, सेम टु सेम करवती अडीच हजारात मिळून राहिली, मग दहा-बारा हजार कशाला घालायचे?"

प्रश्न चुकीचा नाही. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्यानं विचारलाच पाहिजे. पण त्याचं नीट उत्तर दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

आधी ही साडी म्हणजे काय ते पाहू. करवतकाठी, म्हणजेच आपली करवती किनार, ही विदर्भाची स्वतःची साडी. अंग कोशाचं, म्हणजे टसरचं, आणि काठ रंगीत. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून हे नाव. पैठणी अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. करवतकाठी मात्र आपल्याच पोरींना माहीत नाही. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हेही बऱ्याच नागपूरकरांना ठाऊक नसतं.

आता किंमत कुठून येते ते बघा.

सुरुवात जंगलातून होते. टसरचा किडा तुतीवर वाढत नाही, तो ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढतो. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ढिवर समाजाची कुटुंबं पिढ्यानपिढ्या हे काम करत आली आहेत. किडे झाडावर सोडायचे आणि कोष तयार होईपर्यंत राखण करायची. पाखरं येतात, मुंग्या येतात, मध्येच पाऊस झोडपतो. शेतीसारखंच आहे हे, पीक हाती येईपर्यंत भरवसा नाही.

मग कोष उकळायचे आणि त्यातून धागा काढायचा. हे काम बहुतेक बायकाच करतात. जुनी पद्धत म्हणजे उघड्या मांडीवर धागा वळायचा. वर्षानुवर्षं असं केलं की कातडी सोलवटते. ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्र सरकारनं छोटी यंत्रं आणली, ते चांगलंच झालं. पण आपण ज्या सोनेरी झाकेला 'काय सुंदर नॅचरल कलर आहे' म्हणतो, तिच्यामागे कुणाची तरी मांडी होती एवढं लक्षात असू द्या.

त्यानंतर माग. साध्या साडीला एक धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. करवतीला तीन धोटे लागतात. डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. प्रत्येक ओळीला काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवायचे. ते अडकवणंच पुढे-मागे सरकवत नेलं की करवतीचे दात तयार होतात. म्हणजे ही नक्षी वरून काढलेली नाही, तो सांधाच आहे. तमिळनाडूत कांचीपुरमच्या साडीला जी 'कोरवई' म्हणतात, तिचं तत्त्व हेच. तिथेही तीन धोटे, तिथेही अनेकदा मागावर दुसरा माणूस मदतीला. जिथे एकदा हात फिरला असता तिथे तीनदा फिरतो. दिवसाकाठी कापड इंचाइंचानं पुढे सरकतं. साडीत जास्तीचे जे पैसे जातात ते या तीन धोट्यांचे.

यंत्रमागावर हे असं होत नाही. तिथे सहसा एकच आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो आणि दातांची नक्षी जॅकार्डनं वरून उठवली जाते. दिसायला दुरून तीच. अंगाला टसरऐवजी अनेकदा पॉलिएस्टर किंवा मिश्र धागा. म्हणून ती स्वस्त. स्वस्त असण्याला माझी हरकत नाही राजेहो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, आपल्या नागपुरातसुद्धा यंत्रमागावर हजारो लोकांची चूल पेटते. ज्याचं बजेट अडीच हजार आहे त्यानं अडीच हजाराची साडी घ्यावी, ताठ मानेनं नेसावी.

माझं भांडण वेगळं आहे. ती अडीच हजाराची साडी 'ओरिजिनल हातमाग करवती' म्हणून सहा-सात हजाराला विकली जाते, तिथे आहे. यात दोघं बुडतात. गिऱ्हाईक तर बुडतंच. पण त्याच्याआधी विणकर बुडतो, कारण त्याची खरी साडी त्या नकलेच्या शेजारी ठेवली की 'फारच महाग' दिसायला लागते. मग व्यापारी त्याला म्हणतो, मजुरी कमी कर, नाहीतर माल उठत नाही.

आणि विणकराची अवस्था आधीच काय आहे? देशाची चौथी हातमाग गणना २०१९-२० ची. त्यात हातमागावर काम करणारे सुमारे ३५ लाख लोक मोजले गेले, आणि जवळपास दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजारांच्या आत निघालं. महिन्याचं! आपल्या पोरांच्या ट्यूशनची फी आठवा.

नागपूरचा इतिहास तर या मागांनीच विणलेला आहे. तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक ही कोष्टी-हलबांची वस्ती, मोमीनपुरा मोमिनांची. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा हातमाग संपेल असं वाटण्यासारखंच होतं. पण जे गिरणीला जमत नव्हतं, म्हणजे रेशमी काठाचं आणि नक्षीचं काम, त्याच्या जोरावर विणकर टिकले. गंमत बघा, ती मिल २००२ साली बंद पडली आणि हातमाग अजून थोडाफार श्वास घेतोय. गिरणीशी तो लढू शकला, कारण गिरणी स्वतःला हातमाग म्हणवत नव्हती. आजची नक्कल त्याचं नाव लावून फिरते, तिच्याशी तो कसा लढणार?

कायदा नाही का? आहे. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे. ठरावीक प्रकारचं कापड फक्त हातमागावरच विणायचं असं तो सांगतो, आणि त्यात ठरावीक प्रकारच्या साड्याही आहेत. यंत्रमागवाले कोर्टात गेले तेव्हा १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. हातमागाचा शिक्का २००६ पासून आहे, शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क त्याच्याही आधीपासून. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, खण, घोंगडी यांच्या रांगेत करवतकाठीचंही नाव आहे. त्याच धोरणाच्या काळात अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक मोफत साडी सुरू झाली, ती मात्र यंत्रमागाची. गरिबाघरी साडी गेली, चांगलंच झालं. पण हातमागाच्या वाट्याला कागदावरचा मान आला आणि मोठी ऑर्डर दुसरीकडे गेली, हेही खरं.

तिकडे स्कॉटलंडमध्ये काय केलंय ते सांगतो. हॅरिस ट्वीड नावाचं लोकरी कापड आहे. १९९३ साली ब्रिटिश संसदेनं खास त्याच्यासाठी कायदा केला. आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली शुद्ध लोकर हवी, आणि बेटावरच्या विणकरानं स्वतःच्या घरी हातानं विणलेलं हवं, तरच ते हॅरिस ट्वीड. त्याशिवाय त्यावर शिक्का पडत नाही. त्यामुळे ते कापड महाग आहे, तरी जगभरचे शिंपी घेतात, कारण शिक्क्यावर विश्वास आहे. आपल्याकडे कायदा आहे, शिक्का आहे, मानांकन आहे. दुकानात तपासायला येणारा माणूस तेवढा दिसत नाही. हातमाग महामंडळ इथलंच, विणकर सेवा केंद्र इथलंच. लग्नसराईत इतवारीत दोन दिवस तपासणी लावली तर काय बिघडेल? हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवा, आणि मी विचारणार आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? एवढं करा.

एक, साडी उलटी करा. खऱ्या करवतीत काठाचा आडवा धागा काठातच राहतो, म्हणून काठाचा रंग दोन्ही बाजूंनी भरीव आणि एकजीव दिसतो. अंगाचा धागा काठात शिरून तिथला रंग मिसळलेला दिसला, किंवा मागच्या बाजूला दातांजवळ सुटे धागे लोंबताना दिसले, तर समजा नक्षी वरची आहे.

दोन, पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. टसर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. पॉलिएस्टर वितळतं, कडक गोळी होते. दुकानदार धागा द्यायला कुरकुरला तर तेही एक उत्तरच आहे.

तीन, हातमागाचा शिक्का आणि सिल्क मार्क बघा, आणि पक्क्या बिलावर 'हातमाग, टसर' असं लिहून मागा. तोंडी 'ओरिजिनल' म्हणणारे पुष्कळ असतात, बिलावर लिहिताना पेन थांबतो.

चार, जमलं तर विणकरांच्या सोसायटीतून किंवा थेट विणकराकडून घ्या. भंडारा जिल्ह्यात मोहाडीजवळ आंधळगाव आहे, नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. हे का सांगतो? कारण महाग साडी घेतली म्हणजे पैसा विणकराला मिळालाच असं नसतं. बहुतेक जण व्यापाऱ्याकडून सूत घेऊन साडीमागे ठरलेल्या मजुरीवर विणतात. मधले हात जितके कमी, तितकं त्याच्या पदरात जास्त.

शेवटी हिशेबाचं. लग्नात घेतलेली चकचकीत साडी दोन कार्यक्रमांनंतर कपाटात जाते, तिसऱ्या वर्षी बोहारणीला. टसर जपून वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतं. रंग उतरला तर पुन्हा रंगवता येतं. आमच्या घरी मावशीची करवती बहिणीनं नेसली, आता भाचीचा तिच्यावर डोळा आहे. बारा हजार भागिले तीन बाया, करा हिशेब.

दर लग्नाला पाच साड्या घ्यायच्याच असतील तर चार साध्या घ्या, एक खरी घ्या. आणि कुणी नक्कल खऱ्याच्या भावात विकत असेल तर बिलाचा फोटो ठेवा आणि ग्राहक मंचात जा. तुमच्या घरी जुनी करवती असेल तर कॉमेंटमध्ये फोटो टाका, उलट्या बाजूचासुद्धा. बघू तरी, खरे दात किती घरात शिल्लक आहेत.