सतराव्या वर्षापर्यंतची शीर

सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल जपून टाकायची सवय मला गेल्या पावसाळ्यापासून लागली. डावा पाय जमिनीला टेकला की टाचेच्या चार बोटं वर ताठरपणा जाणवायचा, ओली दोरी वाळून आखडावी तसा. स्वयंपाकघरापर्यंत जाईतो तो सैल व्हायचा. बालाघाट रोडवर धावायला निघालं की पहिल्या किलोमीटरात पुन्हा कळ यायची, मग जायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुप्पट होऊन भेटायची.

आमच्याकडे पायाचं कुठलंही दुखणं सांगा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "नस चढली असन, भाऊ. तेल लावून चोळून घ्या." तेही केलं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला पोटावर झोपवलं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर सोडायला सांगितली आणि दोन्ही हातांनी पोटरी दाबली. पंजा आपोआप खाली झुकला. "तुटलेली नाही," ते म्हणाले. शीर तुटली असती तर पोटरी कितीही दाबली तरी पाऊल हललं नसतं. मग त्यांनी चिमटीत ती शीर धरली आणि जाड झालेल्या जागी बरोबर बोट ठेवलं. तिथे माझा श्वास अडकला.

ही शीर म्हणजे अकिलीस टेंडन, शरीरातली सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत मजबूत कंडरा. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली उतरत एक होतात आणि या कंडरेने टाचेच्या हाडाला जोडले जातात. धावताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. ती ताणली जाते आणि परत आखडताना तीच शक्ती पुढच्या पावलाला देते. चिंपांझीला अशी लांब कंडरा नसते. माणूस दूरवर धावू शकतो, त्यात हिचा वाटा मोठा आहे. पण हाडाच्या दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा कमी. दुखणं बहुतेकदा तिथेच धरतं, आणि धरलं की लवकर सोडत नाही.

विश्रांतीच्या त्या आठवड्यांत वाचायला वेळ मिळाला. एक गोष्ट वाचली आणि तिने माझं मन अजून सोडलेलं नाही. १९५५ ते १९६३ या काळात जगभर उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो वर्षावर्षाने उतरत गेला. झाडं तो हवेतून घेतात, आपण अन्नातून घेतो. त्यामुळे शरीराचा कुठला भाग कोणत्या काळात घडला, हे त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली अकिलीस टेंडनचा गाभा असा तपासला. तो आयुष्याच्या पहिल्या साधारण १७ वर्षांत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही, असं त्यांना दिसलं. स्नायू आयुष्यभर नवे होत राहतात, हा गाभा होत नाही.

म्हणजे पन्नाशीकडे झुकलेल्या माझ्या पायात जी शीर आहे ती शाळकरी पोराची आहे. आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. ज्या अन्नातून ती विणली गेली ते अन्न मला आठवतं. आमच्याच बांधीतल्या धानाचा भात, धान कापायच्या आधी त्याच ओलीत फेकलेल्या लाखोळीची डाळ, मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासळी. रोवणीच्या दिवसांत आई आणि शेजारच्या बाया चिखलात वाकलेल्या असायच्या. पऱ्ह्यांच्या पेंढ्या धुऱ्यावरून पोचवायचं काम आम्हा पोरांचं. धुरा जेमतेम पाऊलभर रुंद, वरून शेवाळलेला. अनवाणी धावायचं ते बोटं रुतवून आणि टाच उचलून. ती धावपळ, तो भात यांचा हिशोब या शिरेत अजून तसाच जमा आहे. मला हे कळलं तेव्हा दुखणाऱ्या जागेकडे बघायची माझी नजरच बदलली.

मग प्रश्न असा, की गाभा नवा होत नसेल तर बरं होणं म्हणजे काय? याचं उत्तर मला स्वीडनच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाच्या गोष्टीत सापडलं. हाकन आल्फ्रेडसन स्वतः धावायचे आणि त्यांची स्वतःचीच अकिलीस दुखत होती. त्यांनी वरिष्ठांना शस्त्रक्रिया करायची विनंती केली, ती नाकारली गेली. तेव्हा दुखणं इतकं वाढवू की शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा हट्टाने त्यांनी त्या शिरेवर रोज भार टाकायला सुरुवात केली. आणि ती बरी होत गेली. १९९८ साली त्यांनी १५ हौशी धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे शस्त्रक्रियेच्या वाटेवर असलेले लोक, सरासरी वय चव्वेचाळीसच्या आसपास. बारा आठवडे रोज व्यायाम केल्यावर सगळे पूर्वीसारखे धावू लागले. त्यानंतर या पद्धतीत फेरफार झाले, सावकाश उचललेल्या जड वजनांचाही तितकाच उपयोग होतो हे दिसलं, सगळ्यांनाच सारखा गुण येत नाही हेही कळलं. पण मूळ गोष्ट टिकली. नुसत्या विश्रांतीने दुखणं शांत होतं, शीर मात्र कमकुवतच राहते. तिला भार लागतो. मापात, सावकाश आणि न चुकता.

माझ्या फिजिओने हाच व्यायाम दिला. घराच्या ओट्याची पायरी, तिच्या कडेवर पंजे, टाचा हवेत, एक हात चौकटीला. चढायचं ते उजव्या पायाने. मग सगळं वजन डाव्यावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली उतरवायची. पोटरी लांबत जाते, थरथरते, आणि अगदी तळाशी ती जुनी जागा ओळख देते. पंधरा वेळा गुडघा सरळ ठेवून, असे तीन फेरे. मग तितकेच गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीचा आतला स्नायू तसाच कामाला लागतो. सकाळी आणि संध्याकाळी. सोपं वाटू लागलं की पाठीवर वजन घ्यायचं. मी पाठपिशवीत तांदूळ भरला, आधी दोन किलो, मग पाच.

थोडं दुखलं तर चालेल, असं फिजिओने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दहात चार-पाचपर्यंत सोसावं, पण दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नको. हे ऐकायला सोपं आहे, अंगवळणी पडायला फार वेळ लागतो. दुखणं म्हणजे थांबायचा हुकूम, हेच आपण लहानपणापासून शिकलेलो असतो.

धावणं बंद असलेल्या दिवसांत परसवाड्याच्या तलावाकडे चालायला जायचो. एकदा पलीकडच्या बांधीत सारसाची जोडी उतरलेली दिसली. महाराष्ट्रात हा पक्षी उरलाय तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात, तोही शेतकऱ्यांनी आपल्या धानात त्याचं घरटं राहू दिलं म्हणून. त्याच्या उंच पायाचा मागे वाकणारा सांधा आपल्याला गुडघा वाटतो, पण तो असतो घोटा. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. पोटरीतून निघालेली त्याची कंडरा त्या घोट्यामागूनच खाली जाते. तो चिखलातून एकेक पाऊल उचलून ठेवत होता आणि मी धुऱ्यावर उभा राहून कितीतरी वेळ फक्त त्याचे घोटे बघत होतो.

आता मी धावतो. हळू, एक दिवसाआड, आणि ताठरपणा पुरता गेलेला नाही. पण हे सगळं मला लिहावंसं वाटलं ते माझ्यासाठी नव्हे. पहाटे मी रस्त्यावर येतो तेव्हा भरतीची पोरं माझ्याआधी आलेली असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सैन्याच्या भरतीलाही धावणं असतंच. आमगाव, सालेकसा, देवरीकडून शहरात खोली करून राहिलेली ही पोरं डांबरावर स्वस्तातल्या बुटांनी, कधी अनवाणी, रोज जीव तोडून धावतात. माझी शीर दुखली तर माझा छंद थांबतो. त्यांची दुखली तर घराची आशा थांबते, आणि वयाची अट कुणासाठी थांबत नाही. मग मेडिकलमधून गोळी घेऊन धावणं चालू राहतं, किंवा कुणीतरी शिरेजवळ इंजेक्शन घ्यायला सांगतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन शिरेला कमजोर करू शकतं. जुलाबासाठी सहज घेतली जाणारी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधंही या शिरेला इजा करू शकतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. याचा मला राग येतो. उपाय इतका जवळ आहे, त्याला लागते फक्त एक पायरी. या जिल्ह्यात पायरी नसलेलं गाव नाही.

मागच्या महिन्यात एक मुलगा लंगडत मैदानाच्या कडेला बसला. "काका, बंदच करू का आता?" मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखव, तुटलेली नाही ना ते बघू दे. नसेल तर बंद नको करू, कमी कर. वेगाचे फेरे आणि उड्या सोड. किती दिवस, त्याने विचारलं. तीन महिने तरी, असं सांगितल्यावर तो बोटांवर महिने मोजू लागला, ग्राउंडची तारीख आधी निघाली तर काय या भीतीने. त्या भीतीवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्यायाम होता, तो शिकवला.

आता रविवारी चार-पाच जण येतात, त्यात दोन मुली आहेत. स्टेडियमच्या पायऱ्यांवर आम्ही ओळीने उभे राहतो आणि मी मोठ्याने आकडे मोजतो, कारण घाई करून टाच खाली आपटायची सगळ्यांनाच सवय असते. पुढच्या रविवारी देवरीचा एक जण येणार आहे. त्याला शिरेत नाही, अगदी टाचेच्या हाडापाशी दुखतं. त्याला पायरीवर उभं करायचं नाही. त्याच्याकडून सगळं सपाट जमिनीवरच करून घ्यायचं आहे.