समोरच्याचं पाकीट

23 सप्टेंबर 2025, मंगळवार
कालपासून पाकीटबंद फरसाणावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. माझी उलाढाल 40 लाखांच्या कितीतरी आत, नोंदणीच नाही, तेव्हा उतरवायला माझ्याकडे काही नाही. समोरचा चिवडेवाला मात्र उतरवू शकतो. मूळ शंभरावर 112 व्हायचे, आता 105. माझं 200 ग्रॅमचं पाकीट 110 ला. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक एवढा फरक बघतंच.

26 सप्टेंबर, शुक्रवार
पोवई नाक्यावरून समोरच्याचं नवं पाकीट विकत आणलं. भाव 105. पण वजन? 180 ग्रॅम! मागचं पाकीट जपून ठेवलं होतं: 200 ग्रॅम, 112 रुपये. म्हणजे ग्रॅममागे 56 पैशांचे 58 झाले. माझे 55 च पडतात.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पोह्यांनंतर लगेच पामोलिन; शेंगदाणे पार खाली, साखरेच्याही मागे. अन्न परवान्याचा क्रमांक 115 ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्राचा राज्य परवाना. पुढचे दोन आकडे 24, म्हणजे साल. वर ठळक अक्षरांत ‘पिढ्यानपिढ्यांची चव’. माझा क्रमांक 2 ने सुरू होतो, छोट्यांची नोंदणी.

30 सप्टेंबर, मंगळवार
दुकानदार काकांशी बोलले. "ताई, त्यांच्यात मला जास्त सुटतात. पण राहिलेला माल परत घेत नाहीत. दिवाळी सरली की खवट पाकिटं आमच्याच घरात." पाकीट कितीही उलटंपालटं केलं असतं तरी हे कळलं नसतं.

4 ऑक्टोबर, शनिवार
समोरच्याकडचं काम सोडलेल्या एक मावशी आल्या. म्हणाल्या, "त्यांच्या मसाल्याचं माप मला तोंडपाठ आहे." म्हटलं, ते तिथंच राहू दे, तळणाला हात बसलाय का ते सांगा. इथलं माप बाहेर जाऊ नये असं वाटतं, मग तिथलं आत कसं घेऊ? बाजारात मांडलेलं सगळं बघावं, झाकलेलं नाही.

7 ऑक्टोबर, मंगळवार
ठरलं. भाव 110 च. ‘शेंगदाणा तेलातला’ आणि ‘200 ग्रॅम’ ही अक्षरं पाकिटाच्या दर्शनी बाजूला, मोठी. दुकानात माल आठवड्यातून दोनदा, थोडा थोडा. न खपलेलं परत माझ्याकडे. काकांना सुटतं तेवढंच सुटेल, पण नुकसान त्यांच्या अंगावर नाही.

16 ऑक्टोबर, गुरुवार
उद्या वसुबारस. काकांनी पोह्यांच्या चिवड्याची मागणी दुप्पट केली. परत आलेली पाकिटं जवळपास सगळी मक्याच्या चिवड्याची. मक्यात समोरच्याचाच माल हलतो, आणि त्या भावात मला तो परवडायचाही नाही. उद्यापासून मका बंद. ती कढई भाजणीच्या चकलीला. चकली त्याच्याकडे नाही आणि काकांकडे रोज विचारणा होते.