अकुन्यिलीबाई

अंधेरी पूर्वेला मरोळ, साकीनाका, एमआयडीसी या पट्ट्यात औषधं परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांची इतकी ऑफिसं आहेत, की बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळाला पावडर कोटिंगचा गाळा, वर इमिटेशन ज्वेलरी आणि तिसऱ्या मजल्यावर चार टेबलांचं ऑफिस असतं, आणि तिथून कंटेनर भरभरून मलेरियाच्या गोळ्या आफ्रिकेला जातात. कुणाचा कारखाना वसईला, कुणाचा तारापूरला, कुणाचा दमणला. कित्येकांचा कारखानाच नाही. दुसऱ्याकडून माल करून घ्यायचा, आपलं लेबल लावायचं आणि न्हावाशेवाहून रवाना करायचा. एमएस्सी झाल्यावर मी अशाच एका ऑफिसात रजिस्ट्रेशनच्या फाइली करायला लागले. त्या वेळी, २००२च्या सुमाराला, या सगळ्या पट्ट्यात एका बाईच्या नावानं बोटं मोडली जात होती.

"नायजेरियात एक बाई बसलीय, ती काही पासच करत नाही," असं आमचे शेठ रोज कुणाला तरी फोनवर सांगायचे. शेजारच्या ऑफिसातले लोक चहाला आले की हाच विषय. कुणाचा माल बंदरात अडकलेला, कुणाच्या कंपनीचं नाव काळ्या यादीत. "अमेरिकेची एफडीए परवडली, पण ही बाई नको," असं एक क्लिअरिंग एजंट म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं.

ती बाई म्हणजे डोरा अकुन्यिली. पेशानं फार्मासिस्ट, न्सुक्काच्या विद्यापीठात शिकवणारी. एप्रिल २००१ मध्ये ती नाफडॅकची प्रमुख झाली. नाफडॅक म्हणजे आपल्या एफडीएसारखी नायजेरियाची सरकारी संस्था. तोवर त्या देशाच्या बाजारात खडूच्या भुकटीच्या गोळ्या आणि नळाच्या पाण्याची इंजेक्शनं बिनदिक्कत विकली जात, आणि त्यातला बराच माल भारत आणि चीनमधून जाई. बाईंनी आल्या आल्या आपल्याकडच्या आणि चीनमधल्या अनेक कंपन्यांच्या मालावर बंदी घातली. औषधं यायची ती दोनच बंदरांतून, आपापा आणि कालाबार, आणि दोनच विमानतळांवरून, लागोस आणि कानो. रजिस्ट्रेशन देण्याआधी त्यांचे इन्स्पेक्टर इथे येऊन कारखाना बघणार. शिवाय इथे भारतातच त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडून माल तपासून घ्यायचा. तो रिपोर्ट हातात आल्याशिवाय कंटेनर हलायचा नाही. ही सगळी कागदपत्रं माझ्या टेबलावर यायची. जिचा कधी आवाजही ऐकला नाही त्या बाईच्या धाकात माझी नोकरीची पहिली वर्षं गेली.

तिची खरी गोष्ट मला कळली ती एका गिऱ्हाइकाकडून. लागोसचे एक फार्मासिस्ट आमच्याकडून माल घ्यायचे. ते कारखाना बघायला आले होते, चकाल्याला हॉटेलात उतरले होते, आणि त्यांना तारापूरला घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. कारखान्यात त्यांनी काय केलं ते मी अजून नव्या मुलांना करून दाखवते. क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, खोलीत त्यांनी राखून ठेवलेल्या नमुन्यातली एक स्ट्रिप मागितली. ती खिडकीशी नेऊन तिरकी धरली, तेव्हा फॉइलवर उठवलेला बॅच नंबर दिसायला लागला. मग खोक्यावरचा नंबर, मग आतल्या माहितीपत्रकाचा कोड, मग शिपरवरचा, म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोक्यावरचा, शिक्का. चारही ठिकाणी बोट ठेवून ते हळू आवाजात वाचत गेले. एका ठिकाणी शाई पुसट होती, तर पूर्ण शिपर बाजूला काढायला लावला. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "सर, आत माल तोच आहे." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पेशंटला आतलं कसं दिसणार?"

येताना घोडबंदर फाट्याजवळ गाडी अडकली, आणि अडकली ती चांगली दोन तास. तेव्हा ते बोलायला लागले. डोराबाई पेट्रोलियम ट्रस्ट फंडात अधिकारी असताना आजारी पडल्या. लंडनला उपचार घ्यायला त्यांना १७ हजार पौंड मिळाले. त्यातले १२ हजार शस्त्रक्रियेचे, बाकीचे तपासण्यांचे. तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची गरज नाही म्हणून सांगितलं. बाईंनी १२ हजार पौंड परत करून टाकले. सरकारी पैसा परत करणारं माणूस आहे कोण, म्हणून राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांच्या कानावर ते नाव गेलं आणि पुढे त्यांनीच बाईंना नाफडॅकवर आणलं. आणि त्याच्याही आधीची गोष्ट. १९८८ मध्ये बाईंची धाकटी बहीण व्हिव्हियन वारली. तिला मधुमेह होता. जे इन्शुलिन टोचलं ते बनावट होतं.

"आमच्याकडे टॅक्सीवाला, भाजीवाली, सगळे औषध घेताना आता नाफडॅकचा नंबर शोधतात," ते म्हणाले. "पूर्वी कोण वाचत होतं?"

पुढे एका डिसेंबरअखेरीस त्यांचाच ईमेल आला. २६ डिसेंबर २००३ला बाई गावाकडे जात असताना बंदूकवाल्यांनी त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या होत्या. मागच्या काचेतून आलेली गोळी त्यांनी डोक्याला गुंडाळलेल्या कापडातून आरपार गेली, टाळूला चाटून. जवळच्या एका बसचा ड्रायव्हर मात्र गेला. पुढच्याच वर्षी लागोसच्या नाफडॅकच्या प्रयोगशाळेला आग लागली. हल्ल्याचा तो ईमेल मी ऑफिसात मोठ्यानं वाचला. जी माणसं रोज तिच्या नावानं खडे फोडायची ती गप्प झाली. शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बाई वाचली ना? बरं झालं." त्या दिवसानंतर आमच्या ऑफिसात तिला कुणी शिवी दिली नाही. धंद्यातला त्रास तोच राहिला, पण बोलण्यातलं वळण बदललं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं.

घरी मुलुंडला ही हकिकत आईला सांगितली. आई नर्स होती. तिनं लागलीच विचारलं, "म्हणजे जेजेसारखंच ना गं?" १९८६च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवायला ग्लिसरीन देतात. या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं द्रव्य. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी पाडली आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. आईच्या दवाखान्यातही तेव्हा ग्लिसरीनच्या बाटल्या शोधून शोधून बाजूला काढल्या होत्या, ते ती हातवारे करून सांगत होती. मी तिला म्हटलं, १९९०ला हेच द्रव्य नायजेरियात पॅरासिटॅमॉलच्या सिरपमधून गेलं होतं. शंभराहून जास्त लहान मुलं गेली. आई म्हणाली, "मग ती बाई एवढी चिडते त्यात चुकलं काय?" तिच्या दृष्टीनं विषय तिथेच मिटला.

आमच्या इमारतीत मात्र 'नायजेरिया' म्हटलं की लोकांचे चेहरे वेगळे होत. "ते ड्रग्जवाले ना?" हा पहिला प्रश्न, आणि लॉटरीच्या ईमेलचा दुसरा. पेपरात नालासोपाऱ्याच्या, मीरा रोडच्या धाडींच्या बातम्या यायच्या आणि लोक त्यावरून सबंध देशाचा निकाल लावून मोकळे होत. मी वाद घालत नसे, डोराबाईंची गोष्ट सांगत असे. हळदीकुंकवाला सांगितली, गणपतीच्या मंडपात बसून सांगितली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितली, तर व्हिव्हियनचा भाग ऐकून त्या उठल्या, फ्रिज उघडला, काकांच्या इन्शुलिनचं खोकं माझ्या हातात आणून ठेवलं. "हे खरंय का बघ गं." मी बॅच नंबर, मुदत, दुकानाचं बिल सगळं पाहिलं. माल अस्सल वाटत होता. पण फक्त डोळ्यांनी बघून खात्री देता येत नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. काकू नंतर प्रत्येक वेळी बिल मागायला लागल्या. त्यांचा ठरलेला केमिस्ट वैतागला, तर त्यांनी केमिस्टच बदलला.

बाई २००८च्या अखेरीस नाफडॅक सोडून माहितीमंत्री झाल्या. पण त्यांनी लावलेली शिस्त पुढे चालली. २०१० मध्ये तिथे खोक्यावर खरवडायची पट्टी आली. आमच्या मरोळच्या गोदामात ते स्टिकरचे रोल आले तो दिवस आठवतो. साकीनाक्याच्या वस्तीतल्या बायका लांब टेबलाशी बसून एकेका खोक्यावर चंदेरी पट्टी चिकटवत होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "ताई, हे रिचार्जचं आहे काय?" मी तिला सांगितलं, तिथला माणूस नाण्यानं पट्टी खरवडणार, खालचा आकडा फोनवरून पाठवणार, आणि औषध खरं की खोटं ते त्याला फुकट मेसेजनं कळणार. ती थोडा वेळ खोकं उलटसुलट करत राहिली. "आपल्याकडे का नाही हे?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्याकडे ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला तो १ ऑगस्ट २०२३पासून. ज्या देशाला आपण नाकं मुरडतो तो या बाबतीत आपल्या तेरा वर्षं पुढे होता, आणि त्या पट्ट्या आम्हीच चिकटवत होतो.

७ जून २०१४ला डोराबाई वारल्या, कर्करोगानं, आणि त्याही भारतातल्या एका रुग्णालयात. दुसऱ्या दिवशी, रविवारी, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. सोमवारी ऑफिसला जाताना घाटकोपरला उतरून मी पहिल्यांदाच मेट्रोत चढले. डब्यात जो तो खिडकीतून फोटो काढत होता. असल्फ्याच्या वरून गाडी जात असताना लागोसहून त्या फार्मासिस्टांचा ही बातमी सांगणारा मेसेज आला. ज्या देशाच्या औषधांवर तिनं एवढी करडी नजर ठेवली त्याच देशात ती शेवटी उपचाराला आली, हे मला फार लागलं. तिनं आपल्या सगळ्यांना एका मापानं कधीच मोजलं नव्हतं. चांगला माल करणाऱ्याचा माल ती घेत होती, आणि आपले डॉक्टर चांगले आहेत हेही तिला ठाऊक असणार. आपण तिच्या लोकांना एवढा न्याय कधी दिला?

पुढे कळलं की तिची मुलगी, न्जिदेका अकुन्यिली क्रॉस्बी, मोठी चित्रकार आहे. अमेरिकेत राहते, २०१७ची मॅकआर्थर फेलोशिप तिला मिळाली. तिच्या काही चित्रांत आईचा चेहरा छापलेलं कापड दिसतं. डोराबाईंचे पती डॉ. चिके २८ सप्टेंबर २०२१ला बायकोच्या स्मरणार्थ झालेल्या एका कार्यक्रमाहून परतत होते. वाटेत अनांब्रा राज्यात बंदूकवाल्यांनी त्यांना गाठून मारलं. ही बातमी मी शेठना सांगितली. ते आता थकले आहेत, रोज येत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "त्या घरानं फार भोगलं."

फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीनं एक प्रकरण बाहेर काढलं. मुंबईतल्याच एका कंपनीनं टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र करून केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवल्या होत्या. टॅपेंटाडॉल अफूच्या जातीचं, आणि या जोडीला जगात कुठेच परवानगी नाही. तिथली तरुण पोरं त्यावर नशा करत होती. आपल्या औषध नियंत्रकांनी लगेच या जोडीचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. मीरा रोडच्या एका धाडीवरून सबंध नायजेरियाला नाव ठेवणारे आमच्या इमारतीतले लोक त्या आठवड्यात काही बोलले नाहीत. बहुतेकांनी ती बातमी वाचलीच नव्हती. मी पेपरातलं कात्रण लिफ्टशेजारच्या फलकावर लावलं. सेक्रेटरींनी ते दोन वेळा काढलं, मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ते राहिलं.

त्याच आठवड्यात लागोसहून फोन आला. फार्मासिस्ट आता सत्तरीला आलेत, धंदा मुलगी बघते. तिनं विचारलं, तुम्ही ज्या ज्या कारखान्यांतून माल करून घेता त्या सगळ्यांची नावं, परवाना क्रमांक आणि शेवटच्या तपासणीचे रिपोर्ट पाठवाल का? सहसा निर्यातदार ही यादी देत नाही. गिऱ्हाईक परस्पर कारखान्याशी बोलून आपल्याला वगळेल ही भीती असते. ऑफिसात आता शेठचा मुलगा बसतो. तो म्हणाला, "ताई, ही आपली पोटापाण्याची यादी आहे." मी त्याला तारापूरच्या खिडकीशी तिरक्या धरलेल्या स्ट्रिपपासून सगळं सांगितलं. त्यानं घरी वडिलांना फोन लावला. शेठ पलीकडून म्हणाले, "दे पाठवून. त्या बाईनं मागितली असती तर दिलीच असती ना?" संध्याकाळी सातच्या आत यादी गेली, सोबत सगळे रिपोर्ट. त्यातल्या एका कारखान्याचा रिपोर्ट जुना होता. नवीन तपासणी होईपर्यंत त्यांचा माल थांबवला आहे, असं मी खाली लिहून सही केली.