वर्षाची पट्टी आणि चिंचोके

१२ एप्रिल
ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या या वस्तीवर दातांच्या आरोग्याच्या अभ्यासासाठी आज बायकांसोबत पहिली बैठक झाली. गॅरी स्लेड यांची १९९७ची १४ प्रश्नांची प्रश्नावली वाचून दाखवली: खाताना त्रास होतो का, दातांमुळे अवघडल्यासारखं वाटतं का, वगैरे. एक आजी म्हणाल्या, "दुखतंय तर हायेच, ताई. पण दवाखान्यात का जाणं होईना, ते इच्यारा की." अभ्यासाचा मुख्य प्रश्न आता हाच. तो त्यांनी दिला.

१५ एप्रिल
अंगणात रांगोळीने बारा महिन्यांची पट्टी आखली. रॉबर्ट चेंबर्स यांनी जगभर नेलेल्या सहभागी पद्धतींपैकी ही मला सर्वात जवळची. अक्षरओळख नसलेली बाईही इथे मागे राहत नाही. दाढ ठणकली त्या महिन्यात चिंचोका, दवाखाना गाठला तिथे खडा. चिंचोके वर्षभर पसरले. खडे मात्र दसऱ्याआधी आणि चैत्र-वैशाखात. मधले महिने कोरडे.

मग बोलणं सुरू झालं. फडावर एक दिवस चुकला की खाडा. मजुरी जाते, वर दंड बसतो, घेतलेली उचल फिटत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे एकीची दाढ सुजली की दोघांचं काम अडतं. तोवर लवंग, मिश्री, मेडिकलमधली गोळी. मिश्रीने ठणका दबल्यासारखा वाटतो आणि सवय जडते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्यांना सांगितला, पण फडावर दुसरा उपाय काय, याचं उत्तर व्यवस्थेनेच द्यायला हवं.

१९ एप्रिल
दवाखान्यात जाणं का होत नाही, ते दाखवणारे फोटो बायकांनी मोबाइलवर काढून आणले. चेहरे नकोत, हा नियम त्यांचाच. एसटीचा थांबा, आमटीत कुस्करलेली भाकरी, दवाखान्यातला बाक. बाकाच्या फोटोवर सगळ्यात जास्त बोलणं झालं: तिथे एकीला मिश्रीवरून सर्वांदेखत बोलणी बसली होती. ती पुन्हा गेली नाही.

२६ एप्रिल
रूट कॅनलला बहुधा दोन-तीन खेपा, वर कॅपचा खर्च. दाढ काढणं एका बैठकीत होतं. म्हणून वाचू शकणारी दाढही निघते. बायकांची मागणी ठरली: दसऱ्याआधी गावात शिबिर, आणि त्यात नुसती तपासणी नाही, दात भरूनही मिळावेत. वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे त्या स्वतः बोलणार आहेत. दंतवैद्यांना माझी विनंती एवढीच, की नोंदवहीत 'रुग्णाने उपचार नाकारला' असं लिहिण्याआधी पुढची तारीख तिला जमेल का, हे विचारा.