एकशे दोन मोठे की एक्केचाळीस?

मित्रांनो, एक कोडं घालतो. घरात कुणाला एकशे दोन ताप आला की आई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवते, डॉक्टरांकडे धावाधाव होते. पण बातम्यांत 'कमाल तापमान एक्केचाळीस अंश' म्हणाले, तर? मग जास्त गरम काय?

पळसदेवला माझी आजी दर उन्हाळ्यात याचं उत्तर ठोकून द्यायची. एकशे दोनला डॉक्टर लागतो, तर एक्केचाळीस म्हणजे गारवाच की! आणि भर दुपारी रानात निघायची. तिला थांबवायचं तर हिशेबच मांडायला हवा होता. मी पाटीवर मांडला. एक्केचाळीसची दुप्पट ८२. त्यातून त्याचाच दहावा भाग, ८.२, वजा केला, राहिले ७३.८. त्यात ३२ मिळवले, झाले १०५.८!

"म्हंजे रानालाच ताप आलाय म्हण की!" आजी म्हणाली, आणि ओट्यावर बसली.

ताप मोजायची काचेची नळी फॅरनहाइटची आणि हवामान सेल्सिअसचं, म्हणून हा घोळ. आपल्या अंगाची ऊब ९८.६ फॅरनहाइट, म्हणजेच ३७ सेल्सिअस. एक्केचाळीस अंशांची हवा आपल्या अंगापेक्षा गरम असते. तेव्हा अंग थंड ठेवायला फक्त घाम उरतो.

पण हे ३२ कुठून आले? फॅरनहाइटसाहेबांनी १७२४ साली आपली मोजपट्टी जाहीर केली, तेव्हा बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य धरलं. ते मिश्रण नुसत्या बर्फापेक्षा पुष्कळच थंड. त्यामुळे साधा बर्फ ३२ वर आला. स्वीडनच्या सेल्सिअसनं १७४२ साली बर्फ आणि उकळतं पाणी यांच्यामध्ये सरळ शंभर घरं पाडली. गंमत म्हणजे त्यानं उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर म्हटलं होतं! पुढे ते उलटं केलं गेलं. तेच अंतर फॅरनहाइटवर ३२ ते २१२, म्हणजे १८० घरांचं. शंभराला एकशे ऐंशी, म्हणून दुपटीतून दहावा भाग कमी.

पळसदेव उजनीच्या फुगवट्याकाठी आहे. इथलं पाणी कधी गोठत नाही, पण मासे न्यायचे तर बर्फ लागतोच. जवळच्या भिगवणच्या बाजारात पाहा, मासळीवर बर्फाचा चुरा पसरलेला असतो. नुसतं थंडगार पाणी का नाही चालत? कारण पाणी लगेच तापू लागतं. बर्फ मात्र वितळून संपेपर्यंत शून्यावरच ठाण मांडून बसतो. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांवर जाईल! (शाळेची तापमापी बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा. घरातली तापाची नळी नको हं!)

हिवाळ्यात याच फुगवट्यावर पट्टकादंब नावाचे हंस येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, तेवढ्यावरून ओळखा. त्यांच्यातले काही मंगोलियातल्या तळ्यांकाठी घरटी करतात. ती तळी हिवाळ्यात गोठतात, खायला काही राहत नाही, म्हणून हिमालय ओलांडून ही स्वारी इकडे. तिकडे कडाक्याच्या थंडीत पारा उणे ४० सेल्सिअसपर्यंत उतरतो. हे फॅरनहाइटमध्ये किती? दुप्पट उणे ८०, दहावा भाग कमी करून उणे ७२. आता ३२ मिळवा आणि काय येतं ते तुम्हीच पाहा. उत्तर बघून चकित व्हाल!